दोन बोटांवरची खुर्ची

रविवारी सकाळी ताई बाबांना न्यायला येणार होती, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत वजाबाकीने खुर्चीतून काढता येईल ते सगळं काढून टाकलं होतं. आता काढण्यासारखे फक्त बाबाच उरले होते.

त्याने ती खुर्ची दोन बोटांवर उचलून बायकोसमोर धरली. बारीक नळ्या, जाळीची बैठक, पुढे-मागे धरायला मुठी, खाली दोन चिमुकली चाकं. पंख्याच्या वाऱ्याने चाकं आपली आपणच फिरत होती.

"बघितलंस?"

"बघितलं. आता बाबांना बसवा आणि दोन बोटांवर उचला."

वजाबाकी हे काही त्याचं नाव नव्हे. तो बसगाड्या बांधणाऱ्या कारखान्यात होता आणि तिथे त्याचं काम एकच, गाडीचं वजन उतरवणं. सीटखालची पट्टी, दाराची बिजागरी, छताचा पत्रा, समोर येईल ते तो हातात घ्यायचा, उलटंसुलटं करायचा आणि विचारायचा, हे नसलं तर काय होईल? बहुतेक वेळा काहीच होत नसे. मग ती वस्तू जायची आणि गाडी तेवढ्याने चपळ व्हायची. कँटीनमध्ये तो शेजारी येऊन बसला की लोक आपलं ताट जवळ ओढून घेत. नाव कारखान्याने ठेवलं, त्याने ते आवडीने घेतलं. माणसाने पक्ष्याचं हाड बघावं, असं तो सांगायचा. आतून पोकळ असतं, म्हणून तर पक्षी उडतो.

"म्हणून तर मांजर खातं," बाबा म्हणायचे.

कारखान्यात त्याला आवरायला वरचे साहेब तरी होते. घरी कोणी नव्हतं. दात घासायच्या ब्रशांच्या दांड्या अर्ध्यात कापलेल्या. कंगव्याचा एक सोडून एक दात काढलेला. दारांच्या मुठींना भोकं. घरातल्या शिडीलाही वरपासून खालपर्यंत भोकं, त्यामुळे ती उभी केली की शिडीपेक्षा मागची भिंतच जास्त दिसायची. चमच्यांना भोकं पाडली तेव्हा मात्र बायकोने आवाज चढवला, कारण चमच्याला भोकं पाडली की त्याचा झारा होतो, आणि झाऱ्याने सूप पिता येत नाही. ती पोहायला शिकवायची. पाण्यात सगळेच हलके असतात, ती म्हणाली, मग बुडतात कसे ते मला विचारा.

बाबांचा अख्खा जन्म लोखंडी कपाटं करण्यात गेला होता. कपाटं अशी, की दार लावलं की शेजारच्या घरातली भांडी वाजावीत. जड वस्तू कोणी पळवत नाही आणि जड माणसाला कोणी ढकलत नाही, एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. मुलाच्या घरी राहायला आल्यापासून ते प्रत्येक वस्तूवर बोटाचं पेर वाजवून बघायचे आणि "पत्रा" असा शेरा मारायचे, वस्तू लाकडाची असली तरी. त्यावरून बापलेकांची रोज संध्याकाळी जुंपायची. ती इतकी ठरलेली असायची की बायको तेवढ्यात आंघोळ उरकून घ्यायची.

मग बाबांचे गुडघे गेले. आधी एक गेला. दुसऱ्याने थोडे दिवस दोघांचं काम ओढलं आणि मग त्यानेही हात टेकले.

घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाड्याने चाकांची खुर्ची आणली, ती रिकामी वर चढवतानाच वजाबाकीची कंबर धरली. बाबांनी तिच्यावर पेर वाजवलं आणि समाधानाने मान डोलावली. "याला वस्तू म्हणतात." पण ती वस्तू बाबांसकट खाली नेणार कोण? त्यामुळे बाबा खिडकीशी बसले ते बसलेच. ऋतू बदलले तेही त्यांना समोरच्या झाडावरूनच कळले.

ताईने फोन केला. तिचं घर दुसऱ्या गावात, पण तळमजल्याला, पुढे बाग, दाराला उंबरासुद्धा नाही. बाबांना मी नेते, ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "बरं."

एवढंच. टोमणा नाही, वाद नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची बॅग भरून दाराशी उभी होती. वजाबाकीने ती उचलून बघितली. साऱ्या जगाला विचारलेला प्रश्न त्याला आता स्वतःला विचारावा लागला, हे नसले तर काय होईल? आणि पहिल्यांदाच 'काही नाही' असं उत्तर येईना. हे बोलून दाखवायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा खुर्ची करणं सोपं होतं.

ताई कडक असली तरी अन्यायी नव्हती. तिने अट घातली, मी आले की माझ्यासमोर बाबांना त्या खुर्चीतून खाली न्या, गल्लीच्या टोकापर्यंत फिरवा आणि परत वर आणा. जमलं, तर मी एकटी परत जाईन.

म्हणून शनिवारी संध्याकाळी वजाबाकी बाबांच्या समोर बसून त्यांच्याकडे कारखान्यातल्या नजरेने बघत होता.

"बाबा, खिशात काय आहे?"

"किल्ल्या."

जुडगा बाहेर आला तेव्हा बाबा एका बाजूने वर उचलले गेल्यासारखे वाटले. विकलेल्या प्रत्येक कपाटाची एक जादा किल्ली त्यात होती. लोक किल्ल्या हरवतात, मग येणार कुणाकडे? शेवटचं गिऱ्हाईक आलं तेव्हा बाबांचे केस काळे होते.

"उद्या या घरीच ठेवा."

"ठेवतो. सोबत मीही राहतो."

वजाबाकीने किल्ल्या सोडून दिल्या आणि घड्याळाकडे वळला, घड्याळावरून बुटांकडे. मग जरा अडखळत म्हणाला, की केस थोडे बारीक केले तर बरं होईल.

"नखं विसरलास," बाबा म्हणाले.

*

खुर्ची होती

सकाळी तिला रंगाचा शेवटचा हात देऊन त्याने ती गॅलरीत वाळत ठेवली. गॅलरीला लागूनच बाबांची खिडकी.

"बांध ती," बाबा खिडकीतून म्हणाले.

"कशाला?"

"वारा आहे."

वजाबाकी हसला. गाढवासारखी बांधून ठेवायला ती काही बोजड नाही, असं तो म्हणाला. बाबा म्हणाले, तेच मी सांगतोय.

तेवढ्यात ताई आली. ताई कुठेही वेळेआधी पोचायची आणि बाकीचे उशिरा आले असं समजायची. बायकोने दार उघडलं. जिन्यात दबा धरून बसलेला वारा ताईच्या आधी आत शिरला आणि घरभर फिरला. कॅलेंडरने दोन महिने एकदम उलटले, वर्तमानपत्राची पानं पाय मोकळे करायला निघाली, पडदा छताला भिडला. गॅलरीतल्या खुर्चीने आधी एक चाक उचललं, मग दुसरं. मग ती कठड्यावरून निघाली.

पडली असं म्हणता येणार नाही. हवेत तिने एक संथ गिरकी घेतली, समोरच्या झाडापर्यंत गेली, एका आडव्या फांदीवर टेकली, पाठ खोडाकडे करून नीट सावरून बसली आणि एखाद्या पाहुण्याची वाट बघावी तशी थांबली. चाकं फिरतच होती.

वजाबाकीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की काय सुंदर उतरली! दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला.

त्याने वळून बघितलं. खिडकीत बाबा होते. त्यांनीही सगळं पाहिलं होतं.

खुर्ची नव्हती

"कुठाय ती तुझी खुर्ची?" ताईने चपला काढता काढता विचारलं.

"बाहेर आहे."

"बाहेर म्हणजे कुठे?"

वजाबाकीने मागे गॅलरीकडे बघितलं. बाबा खिडकीतून सावकाश म्हणाले, "झाडाजवळ. वाळतेय."

यात खोटं काहीच नव्हतं. ताईला ते पटलं. ती बायकोबरोबर स्वयंपाकघरात गेली, बाबांच्या गोळ्या कुठल्या, पथ्य काय हे विचारायला. वजाबाकीने भोकांची शिडी खांद्यावर टाकली आणि पाय न वाजवता जिना उतरला.

*

खाली टेलरमास्तरांचं दुकान होतं. मास्तर एका गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट बेतत होते. कोटाला अजून एकच बाही होती. वजाबाकी झाडाखाली उभा राहून वर बघतोय हे दिसल्यावर मास्तरही बाहेर आले, आणि टाचण्या लावलेल्या अवस्थेत गिऱ्हाईकही आलं.

"साहेब, वर कोणी बसणार आहे का?" मास्तरांनी विचारलं.

वजाबाकीने झाड हलवून बघितलं. एखादं जड सामान असतं तर कधीच धाडकन खाली आलं असतं. ही फांदीबरोबर वर गेली आणि फांदीबरोबर खाली आली, झोपाळ्यावर बसल्यासारखी. मग त्याने तिला खाली पाडण्यासाठी आपला बूट फेकला. बुटाचे तळवे त्याने स्वतःच पोखरलेले होते. बूट खुर्चीपर्यंत पोचला, बैठकीच्या जाळीत अलगद विसावला आणि तिथेच राहिला. दुसरा फेकावा की न फेकावा यावर मास्तर आणि गिऱ्हाईक यांचं एकमत होईना. वजाबाकीने तो फेकला. तोही पहिल्याशेजारी जाऊन बसला. आता एखादा माणूस बूट काढून, खुर्चीत मांडी घालून बसला असावा आणि फक्त माणूसच दिसत नसावा, असं दिसू लागलं.

राहिली शिडी.

शिडीला भोकं पाडताना त्याने चोख हिशेब केला होता. किती भार येईल, कुठे येईल, भोक केवढं चालेल. हिशेबात तसूभर चूक नव्हती. फक्त तो बायकोच्या वजनाचा केला होता, कारण घरातले दिवे तीच बदलायची.

हे त्याला आठवलं तेव्हा तो शेवटच्या पायरीवर होता. पायाखाली आधी कुरकुर झाली, मग शिडी मध्येच नम्रपणे वाकली, आणि नमस्कार करून माणूस पुन्हा उठतो तशी न उठता जमिनीवर आडवी झाली. वजाबाकी खोडाच्या बेचक्याला मिठी मारून लोंबकळला. दोन्ही पाय हवेत सायकल चालवत होते.

"साहेब, उतरताय की चढताय?" मास्तरांनी विचारलं.

उतरायला काही उरलंच नव्हतं. तो चढला. एका फांदीवरून दुसरीवर, शर्ट फाडून घेत, कोपरं खरवडत, करत करत खुर्चीच्या फांदीपर्यंत पोचला आणि तिच्या शेजारी फांदीवर पाय सोडून बसला. धाप ओसरल्यावर त्याने समोर पाहिलं.

समोर हातभर अंतरावर नसली तरी हाक मारायची गरज नाही इतक्या अंतरावर बाबांची खिडकी होती. बाबा त्याच्याकडे बघत होते. किती महिने ते याच झाडाकडे बघत आले होते. त्यात आज भर पडली होती.

"ये," बाबा म्हणाले. "बस."

"बसलोय."

"चहा घेणार?"

"बाबा, प्लीज."

"शिडीचं काय झालं?"

"वाकली."

"कुठली? ती चाळणी?"

वजाबाकी खुर्चीकडे वळला. त्याने खुर्ची सोडवायचा प्रयत्न केला. जाळीत डहाळ्या घुसल्या होत्या, नळ्यांत फाटे अडकले होते, एक काढावा तर दुसरा गुंतत होता. झाडाने ती जणू आपली म्हणून धरली होती. खाली एकबाहीवालं गिऱ्हाईक कुणाला तरी बोटाने वर दाखवत होतं. आत स्वयंपाकघरात ताईचा आवाज येत होता, बाबांना रात्री दूध देता की नाही.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला.

"ती येईल आत्ता. तिला डोळे आहेत." बाबांनी खिडकीच्या चौकटीवर पेर वाजवलं, पण शेरा मारला नाही. "एवढा खटाटोप कशाला केलास? जाणारच होतो मी. बॅग भरली होती."

"तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, जाऊ का म्हणून."

"तू एकदाही म्हणाला नाहीस, राहा म्हणून."

वारा आला. खुर्ची, फांदी आणि वजाबाकी तिघंही थोडे हलले.

"मला वाटलं, तुम्हाला इथे अडकून पडल्यासारखं वाटत असेल," तो म्हणाला.

बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मोज्यातले पाय, फाटका शर्ट, एका हातात फांदी. "अडकून मी पडलोय होय," ते म्हणाले.

याच वेळी ताई पाण्याचा पेला घेऊन बाबांच्या खोलीत आली. तिने पेला बाबांच्या हातात दिला, खिडकीबाहेर बघितलं, आत बघितलं आणि पुन्हा बाहेर बघितलं.

"हा तिथे काय करतोय?"

"वाळतोय," बाबा म्हणाले.

*

पुढे जे झालं ते वजाबाकीला झाडावरून तुकड्या-तुकड्यांनी ऐकू आलं. ताई म्हणत होती अग्निशमन दलाला बोलवा. बायको म्हणत होती, बोलवा, पण मग यांच्या कारखान्यातसुद्धा कळेल. मास्तर खालून ओरडून सांगत होते की जिन्याखालच्या खोलीत एक लोखंडी शिडी आहे, मोठ्या साहेबांनी, म्हणजे बाबांनी, आपला कपाटांचा कारखाना बंद केला तेव्हा आणून ठेवलेली. बायको म्हणाली, त्या खोलीला कुलूप आहे. ताई म्हणाली, मग किल्ली?

किल्ली कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं, बाबांच्या खिशातल्या जुडग्यात.

"द्या बाबा," ताई म्हणाली.

"देणार नाही."

"अहो, तो झाडावर आहे."

"म्हणून तर. या जुडग्यातली कुठली ते तुम्हाला शोधायला लावलं तर तो तिथेच म्हातारा होईल. मी येतो."

"तुम्ही कसे येणार?"

याचं उत्तर ऐकू आलं नाही. खिडकी रिकामी झाली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच ती रिकामी दिसली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज. बायकोचा आवाज, "बाबा, सावकाश." दार. मग जिना.

खण्.

लहान मूल उतरतं तसे बाबा जिन्यावर बसून उतरत होते. एका पायरीवरून खालच्या पायरीवर. प्रत्येक वेळी खिशातला जुडगा दगडावर आपटत होता.

खण्.

थांबले. दम घेतला असावा. ताई काहीतरी म्हणाली. बाबा काहीतरी म्हणाले.

खण्. खण्.

झाडावर बसलेल्या माणसाला तो आवाज ऐकण्याखेरीज काहीच करता येत नव्हतं. आयुष्यात इतक्या वस्तू उचलून त्याने वजनं सांगितली होती, पण बापाचं वजन असं पायरीपायरीने ऐकायची वेळ कधी आली नव्हती. मध्येच आवाज बराच वेळ थांबला तेव्हा त्याने फांदी इतकी घट्ट धरली की तळहातावर सालीचे वळ उमटले.

खण्.

आणि बाबा दारातून उन्हात आले. म्हणजे शेवटच्या पायरीवर येऊन बसले. पँटची मागची बाजू पार पांढरी झाली होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. "आहेस ना?"

"आहे."

"पळून जाऊ नकोस."

बाबा सरकत सरकत जिन्याखालच्या खोलीशी गेले. पहिलीच किल्ली लागली. आतली शिडी बाबांनी स्वतः घडवलेली होती, म्हणजे ती बाहेर काढायला ताई, बायको, मास्तर आणि गिऱ्हाईक एवढे लागले. गिऱ्हाइकाच्या कोटाची तीही बाही निघाली. शिडी झाडाला टेकवली तेव्हा झाड किंचित मागे सरकल्याचा भास झाला. वजाबाकी खाली उतरला. खुर्ची आली नाही, बूटही आले नाहीत. त्याने दोन-चार वेळा ओढून बघितलं आणि सोडून दिलं.

तो मोज्यांवर चालत बाबांसमोर येऊन उभा राहिला. बाबांनी शिडीवर पेर वाजवलं. घंटेसारखा आवाज आला.

"बोल," बाबा म्हणाले.

"जड आहे," वजाबाकी म्हणाला.

*

आणि इथे ताईच्या लक्षात एक गोष्ट आली.

"बाबा तर खालीच आहेत," ती म्हणाली. "गाडी दारात आहे. मी वरून बॅग आणते. चला, निघू या."

यात वावगं काय होतं? ज्यासाठी एवढं रामायण घडलं ती अडचण बाबांनी स्वतःच उतरून टाकली होती. गाडीपर्यंत दहा-बारा पावलं. चौघं होते धरायला. ताई वर गेली, बॅग घेऊन आलीसुद्धा. बायको वजाबाकीकडे बघत राहिली. मास्तर दुकानात गेले नाहीत. गिऱ्हाईक बिनबाह्यांचं उभं होतं.

खुर्ची नव्हती. हिशेब नव्हता. दाखवायला काहीच नव्हतं. वजाबाकीने दोनदा घसा खाकरला.

"बाबा, वर चला."

"कसा?"

"आलात तसे. उलटे."

बाबांनी जिन्याकडे मान वळवली. खालून बघितलं की कुठलाही जिना लांब दिसतो.

"फार वेळ लागेल रे."

"लागू दे."

"जेवायची वेळ निघून जाईल."

"जिन्यात जेवू."

ताई म्हणाली, हा काय वेडेपणा आहे, माझ्याकडे उंबरासुद्धा नाही. बाबांनी तिच्याकडे प्रेमाने बघितलं. "तुझं घर चांगलंच आहे ग. पण तिथे मी भांडू कुणाशी? तू तर पहिल्या वाक्यालाच जिंकतेस."

ताईने बॅग उचलली.

बाबा जिन्याकडे पाठ करून बसले, दोन्ही हात मागच्या पायरीवर रोवले आणि स्वतःला वर खेचून घेतलं. लोखंड उचललेले हात होते ते, अजून विसरले नव्हते. वजाबाकी खालच्या पायरीवर बसून त्यांचे पाय उचलून देत होता. एक पायरी झाली की दोघंही थांबायचे आणि वाद घालायचे. पहिल्या मजल्याच्या वळणावर बायकोने ताटं आणून दिली. मास्तर दुकान सोडून दोनदा वर येऊन बघून गेले, कुठवर आलं म्हणून. वरच्या मजल्यावरचे लोक उतरताना आधी थबकायचे, मग बसून एखादा शब्द बोलायचे. महिन्याभरात भेटली नसती एवढी माणसं बाबांना त्या जिन्यात भेटली. घरात शिरले तेव्हा खिडकीतलं ऊन निघून गेलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि ते कंगव्याच्या उरलेल्या दातांवरून मुलाला नवीन काहीतरी ऐकवत होते.

बॅग खाली आणली ती ताईने, वर नेली तीही ताईनेच. दारात ठेवून तिने कमरेवर हात ठेवले. महिनाभर बघा, ती म्हणाली. रोजरोज हे असलं चालायचं नाही. महिन्याने मी पुन्हा येते.

*

खुर्ची काढायला कोणी गेलं नाही. आधी सवड नव्हती, मग गरज नव्हती. बाबा आठवड्यातून एकदा बसत बसत खाली जायचे, मास्तरांच्या दुकानात मैफल जमवायचे आणि उलटे वर यायचे. मास्तरांनी त्यांच्या पँटला मागे जाड चामड्याचं ठिगळ लावून दिलं होतं. वजाबाकी म्हणाला, कापड चाललं असतं. दोन संध्याकाळी त्यावर गेल्या.

मग एका सकाळी खुर्चीवर कावळा बसलेला दिसला. दुसऱ्या दिवशी दोन. त्यांनी खुर्चीच्या बैठकीत काटक्या आणायला सुरुवात केली, बुटांच्या आजूबाजूने. बाबांनी वजाबाकीला हाक मारून बोलावलं.

"बघ काय आणतोय."

कावळ्याच्या चोचीत तारेचा तुकडा होता. मास्तरांच्या दुकानातल्या हँगरचा असावा.

"लोखंड," बाबा म्हणाले. "त्याला कळतं."

"पण किती बारीक बघा," वजाबाकी म्हणाला. "आणि एकच."

कावळ्याने तार बसवली, मान वाकडी करून बघितली, काढली आणि दुसरीकडे बसवली. बापलेक कामावर जायच्या वेळेपर्यंत खिडकीत उभे-बसलेले होते. अंडी घातली तेव्हा बाबांनी ताईला फोन केला. महिना संपला हे खरं, पण आता मध्येच कसं सोडून यायचं? पिल्लं उडेपर्यंत तरी थांबायला हवं. ताई म्हणाली, कावळ्यांना तुमची काय गरज? बाबा म्हणाले, गरज त्यांना नाही.

पिल्लं निघाली, ओरडली, वाढली. एकेक करून कठड्यावर उतरली आणि उडाली. झाडाची पानं झडली तेव्हा घरटं उघडं पडलं. नळ्या, काटक्या, तारा आणि मध्ये दोन बूट. आत कोणी नव्हतं.

संध्याकाळी वजाबाकी कामावरून आला तेव्हा बाबा फोनवर होते. "नाही ग," ते म्हणत होते, "कुठली सगळी? एक आहे अजून." पलीकडून ताई बराच वेळ बोलली. बाबांनी फोन कानापासून दूर धरला आणि वजाबाकीकडे न बघता त्याच्यापुढे केला.

"विचारतेय तुला."

वजाबाकीने फोन घेतला. ताईने विचारलं, खरं सांग, सगळी उडाली की नाही?

त्याने खिडकीबाहेर बघितलं. मग खिडकीशी बसलेल्या बाबांकडे बघितलं.

"राहिलंय एक," तो म्हणाला. "जरा जड आहे. वेळ लागेल."